बाईंची पिकअप

"एकोणतीस, तुला गाड्यांतलं कळतं ना रे?"

फोनवर नमस्कार नाही, कसा आहेस नाही, एकदम हजेरीतला नंबर. मी बँकेत एका चिडलेल्या खातेदारासमोर बसलो होतो, तरी माझ्या तोंडून "हजर, बाई" निघून गेलं. शाळा सोडून तीसेक वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, पोट पुढे आलं, पण हा आवाज ऐकला की पाठ आपोआप ताठ होते. समोरचा खातेदारही नकळत ताठ बसला.

खरं सांगायचं तर मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. शाळेच्या ग्रुपवर मी एकदा माझ्या नव्या गाडीला हार घातलेला फोटो टाकला होता, तेवढंच माझं भांडवल. पण बाईंना नाही म्हणायची आमच्या बॅचला सवय नाही. म्हटलं, "थोडंफार कळतं."

"थोडंफार म्हणजे किती?" बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "असू दे. शनिवारी ये. ओढणारी गाडी निवडायची आहे." काय ओढायचंय ते सांगितलंच नाही.

बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या. बोरिवली पूर्वेला आमची मराठी शाळा होती, गिरणीतून नाहीतर कारखान्यातून घरी बसलेल्या कोकणी बापांच्या मुलांनी भरलेली. वर्गात चार संतोष आणि तीन संगीता. बाईंनी पहिल्याच आठवड्यात नावं सोडून दिली आणि नंबर धरले. नाव कुणाचंही असू शकतं, नंबर एकाचाच असतो, हे त्यांचं म्हणणं. शाळा सुटली तरी नंबर सुटला नाही. लग्नानंतर मी बायकोला घेऊन मार्केटात वांगी घेत होतो, तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "एकोणतीस, ती घेऊ नकोस, आतून पोकळ आहेत!" घरी आल्यावर बायकोने हळूच विचारलं, "तू कधी आत होतास का रे?"

बुटक्या, सावळ्या, नऊवारी नेसायचं वय नसतानाही साडी घोट्याच्या वर, आणि पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. काखेत मेणकापडात गुंडाळलेली लाकडी मीटरपट्टी. लोक छत्री घेऊन निघतात तशा बाई पट्टी घेऊन निघायच्या. बसस्टॉपवर उभ्या असतील तर फुटपाथची उंची मोजतील. रिक्षावाल्याने "इधर से शॉर्टकट है" म्हटलं की "कितना शॉर्ट?" असं विचारतील, आणि तो बिचारा खरंच सांगायचा प्रयत्न करेल.

प्रश्नाचं उत्तर म्हणून बाईंनी कुणाला दिलं नाही. काहीही विचारा, "बघून सांग." मीठ टाकलं की पाणी उशिरा उकळतं का? बघून सांग. गोगलगाय काचेवरून चालते का? बघून सांग. एकदा एका पालकाने काकुळतीला येऊन विचारलं, "बाई, आमचा पोरगा पास होईल ना?" तर म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे. बघून सांगते."

प्रयोगशाळेचा पहिला तास मात्र कुणी विसरलेलं नाही. आम्ही घाबरत घाबरत आत शिरलो. काचेची भांडी ओळीने मांडलेली, कुणी श्वासही जोरात घेत नव्हतं, कारण फुटलं तर भरून द्यावं लागेल अशी घरून तंबी. बाईंनी एक चंचुपात्र उचललं, सगळ्यांना दाखवलं आणि सरळ फरशीवर सोडून दिलं. खळ्ळकन आवाज झाला. मुली किंचाळल्या. बाई म्हणाल्या, "झालं. फुटायचं ते फुटलं. आता कामाला लागा." दरवर्षी त्या पहिल्या तासाला असं एक भांडं फोडायच्या आणि त्याचे पैसे स्वतः भरायच्या, हे मला पुष्कळ नंतर शिपायाकडून कळलं. हेडमास्तर त्यावरून दरवर्षी वैतागायचे.

ती शाळा बंद झाली. बंद होते म्हणजे काय, पटावरची मुलं कमी कमी होत गेली, वर्ग एकमेकांत मिसळले, शेवटी संस्थेने इमारत पाडायचं ठरवलं. बाई निवृत्त होऊनही सात-आठ वर्षं झाली होती. संस्थेने कळवलं की दिवाळीच्या सुटीत इमारत रिकामी करून द्यायची आहे, प्रयोगशाळेतलं सामान भंगारात जाईल. बाई कॅनव्हासचे बूट घालून तडक संस्थेच्या कार्यालयात गेल्या. "भंगारवाला माझ्या तराजूचं वजन करून नेणार?" त्यांनी विचारलं. "तराजूचं?"

संस्थेची माणसं वाईट नव्हती. न्यायचं तर न्या, म्हणाली. पण एवढी मोठी प्रयोगशाळा न्यायची कुठे? बाई वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. आणि त्यांना ते सामान जपून ठेवायचं नव्हतंच, वापरायचं होतं. जव्हारच्या पुढे एका विज्ञान प्रदर्शनाला त्या परीक्षक म्हणून गेल्या होत्या. तिथे त्यांना एक आश्रमशाळा दिसली होती, जिथे पाचवी ते दहावीच्या मुलांनी सूक्ष्मदर्शक फक्त चित्रात बघितला होता. त्या शाळेत ठेवायला खोली नव्हती, आणि आजूबाजूच्या शाळांचीही तीच गत. म्हणून बाईंनी ठरवलं की प्रयोगशाळेलाच चाकं लावायची. महिनाभर इथे, महिनाभर तिथे. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल त्या दिवशी ती दारात उभी पाहिजे, असा शब्द त्या देऊन आल्या होत्या. नंतरची सगळी धावपळ त्या शब्दासाठी होती.

शनिवारी मी दहिसरला परबच्या शेडमध्ये पोचलो, तर तिथे निम्मा वर्ग हजर. परब म्हणजे सात नंबर. गणितात दोनदा गचकलेला, आता बिल्डरांना साइटवर लागणारी पत्र्याची केबिन बनवून देतो. त्याने जवळजवळ एसटीएवढा लांब ट्रेलर उभा केला होता, मागे दोन धुरे, बाजूला खिडक्या, आत भिंतीला शाळेचीच सागवानी कपाटं बसवलेली. पुढचा भाग वर उचललेला, उंटाने मान पुढे काढावी तसा.

"हा असा वर का?" मी विचारलं.

"बघून सांग," बाई आणि परब एकदम म्हणाले.

साधा ट्रेलर गाडीच्या मागे हुकाला अडकवतात. तो वळणावर शेपटीसारखा हलतो, आणि बाईंच्या काचा फुटल्या असत्या. म्हणून ह्या ट्रेलरची मान लांब काढून पिकअपच्या मागच्या हौद्यावर आणायची आणि तिथे बसवलेल्या जाड लोखंडी तबकडीत अडकवायची. त्या तबकडीला पाचवं चाक म्हणतात, असं नलूने सांगितलं. नलू म्हणजे एक्केचाळीस नंबर, गोराईची. पहाटे मासळीचा टेम्पो चालवते, जड वाहनाचं लायसन आमच्या वर्गात एकटीकडे. गाडी तीच चालवणार होती.

"पण हे तर फिरत नाही. चाक कसलं?" मी म्हटलं.

"चाक नाही रे, खांदा आहे तो," बाई म्हणाल्या. "दोरी बांधून ओढणं वेगळं आणि खांद्यावर घेऊन चालणं वेगळं. ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा भार गाडीच्या पाठीवर येणार. म्हणून गाडी निवडताना ओढते किती ते विचारायचं नाही. ओढायला काय, सगळेच ओढतात. पाठीवर किती घेते आणि उतारावर थांबते कुठे, ते विचारायचं."

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, हाही त्यांचाच हट्ट. ज्याचं ओझं त्याने थांबवावं, गाडीवर ढकलू नये. परबने दोन वेळा कुरकुर करून शेवटी बसवले. आरटीओच्या कागदांचं आमच्यातल्याच एकाने बघितलं. ते कसं झालं ते मला आजही समजलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

मग आम्ही पिकअप बघायला निघालो. मुलगी बघायला जावं तसे गेलो, फक्त चहापोहे आधी घ्यायचे नाहीत अशी बाईंची सक्त ताकीद. खाल्लं की माणूस हो म्हणतो.

अंधेरीच्या शोरूममधल्या टायवाल्या मुलाने आल्या आल्या सुरुवात केली. "मॅडम, ये गाडी पहाड खींचेगी!"

"पहाड नहीं है, प्रयोगशाला है," बाई म्हणाल्या. "खींचेगी वो ठीक है. पीठ पे कितना लेगी?"

त्याने पडदा दाखवला, कॅमेरा दाखवला, छत उघडून दाखवलं. बाईंनी मेणकापड सोडून मीटरपट्टी काढली. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधली फट मोजली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "चढा."

आम्ही दहाजण, पंचेचाळिशी ओलांडलेले, बँकेतले, विमा कंपनीतले, एक दातांचा डॉक्टर, त्या चकचकीत गाडीच्या हौद्यात एकमेकांना धरून चढलो. मागच्या धुऱ्याच्या बरोब्बर वर, दाटीवाटीने. खाली बाईंची हजेरी सुरू.

"नऊ?"

"बहात्तर, बाई."

"एकोणतीस?"

"अठ्ठ्याहत्तर."

"सोळा?"

सोळा नंबर देसाई. त्याची हॉटेलं आहेत आणि ते त्याच्याकडे बघून कळतं. "ब्याऐंशी," तो म्हणाला. नलूला हसू आवरेना. बाईंनी पट्टीवर वाकून फट बघितली, मनात बेरीज केली आणि म्हणाल्या, "गाडी खोटं बोलत नाहीये. तुमच्यातलं कोणीतरी बोलतंय." पुढच्या शनिवारी परबने शेजारच्या भंगारवाल्याकडून वजनकाटा उचलून आणला. एकेकाला त्यावर उभं केलं तेव्हा वर्गातलं खरं वजन बाहेर आलं. त्या शनिवारनंतर दातांच्या डॉक्टरने रात्रीचा भात सोडला, असं म्हणतात.

मी बाईंना विचारलं होतं, वाळूची पोती का नाही टाकत? बाई म्हणाल्या, "पोती शिकत नाहीत." पण मला वाटतं, खरं कारण वेगळं होतं. आम्हाला त्या हौद्यात एकमेकांना धरून, पडू नये म्हणून ओरडत उभं राहिलेलं बघताना त्यांचा चेहरा इतका खूष असायचा की आम्हीही पुढच्या शनिवारची वाट बघायला लागलो. माझी बायको म्हणाली, तू इतका वक्तशीर लग्नाला पण आला नव्हतास.

मालाड झालं, कांदिवली झालं. एक गाडी दिसायला झकास, पण आम्ही चढताच मटकन बसली. बाई म्हणाल्या, "सोफा आहे." एक दणकट होती, पण तिचे ब्रेक लागले की मागचा भाग तिरका जायचा. तिला शेरा मिळाला, "रागीट." शेवटी दहिसरलाच एका भाजीच्या व्यापाऱ्याची जुनी पांढरी पिकअप मिळाली. ठिकठिकाणी पोचे, दाराला दोरी, आत कोथिंबिरीचा वास. पण मागच्या स्प्रिंगांचे पाटे जाड, इंजिन धडधाकट, चारही चाकांना जोर. आम्ही चढलो, फट थोडी कमी झाली आणि थांबली. नलूने भरल्या गाडीनिशी उतारावर ब्रेक दाबला, गाडी सरळ उभी राहिली. बाईंनी मीटरपट्टी गुंडाळून ठेवली.

"बाई, ही?" देसाई कळवळला. "हिला एसीपण नाही हो. माझी पिकअप घ्या ना, घरी नुसती उभी आहे." त्याने परदेशातून मागवलेली एक प्रचंड पिकअप होती, चार दारांची. ती त्याच्या सोसायटीच्या गेटमधून दोनदा मागेपुढे केल्याशिवाय वळत नसे.

"तुझी गाडी चांगलीच आहे," बाई म्हणाल्या. "पण एवढी मोठी कशाला? लागेल तेवढं घ्यावं. ही पास."

इमारत रिकामी करायचा दिवस आला. कपाटं आधीच ट्रेलरमध्ये गेली होती, तराजू, भिंगं, बाटल्या चिंध्यांत गुंडाळून बसवल्या होत्या. ट्रेलरचं वजन झालं, मानेवरचा भार मोजून झाला, सगळं बाईंच्या गणितात बसलं. शेवटी राहिलं ते बाईंचं टेबल. जाड कडाप्प्याचं, खाली शिसवी खुरांचं, बाजूला छोटं बेसिन. सव्वीस-सत्तावीस वर्षं बाई त्याच्यामागे उभ्या राहिल्या होत्या. आठ माणसांनी ते जिन्यावरून उतरवलं. परबने ट्रेलरच्या पुढच्या उंच भागात, मानेवरच्या त्या ओट्यावर, ते असं काही बसवलं की जणू तो ओटा त्यासाठीच केला होता. मागे फळा लावला. पुढे खाली मुलांची बाकं. परबने नारळ फोडला, नलूने हळदकुंकू लावलं, बाई ओट्यावर चढून टेबलामागे उभ्या राहिल्या आणि आम्ही सगळे, खरंच सांगतो, खाली बाकांवर बसलो. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. बहुतेक सगळ्यांच्याच.

रविवारी पहाटे घोडबंदरच्या बाजूला गायमुखचा चढ चढून बघायचं ठरलं. नलू गाडीत, शेजारी बाई, मागून माझ्या गाडीत परब, देसाई आणि मी. चढ लागला तशी पिकअपची शेपूट खाली आणि नाक वर झालं. पहाटेचा काळोख होता, तिचे दिवे रस्त्यावर पडायचे सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागले. नलूने जागा बघून गाडी कडेला घेतली आणि खाली उतरली.

"बाई, स्टिअरिंग हातात राहत नाही. पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलीत. वळणावर सरळच गेली असती ना ही."

बाईंनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मग पिकअपच्या मागच्या चाकाशी वाकल्या. फटीत बोटही जात नव्हतं. आम्ही नलूला दम घेऊ दिला आणि अगदी हळूहळू, पुढे माझी गाडी ठेवून, ट्रेलर शेडमध्ये परत आणला. वाटेत वजनकाट्यावर पिकअपची फक्त मागची चाकं चढवली. काट्यावरच्या माणसाने आकडा सांगितला आणि वर विचारलं, "आत काय दगड भरलेत काय?"

भरले होतेच.

"सांगा," शेडमध्ये आल्यावर बाईंनी आम्हाला विचारलं. "कुठे चुकलं?"

परब म्हणाला, वजन तर केलं होतं. देसाई म्हणाला, पाटे जुने असतील. बाई शांतपणे म्हणाल्या, "वजन टेबल चढवायच्या आधी केलं. आणि टेबल चढवलं ते नेमकं मानेवर. सगळ्यात जड वस्तू, सगळ्यात वाईट जागी. सातवीतल्या पोराला दिसेल."

परबचा चेहरा पडला. वैतागला की तो मालवणीत शिरतो. "पण बाई, मगे खंय ठेवतलंय? बाईंचा टेबल पुढेच असतला मां!"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "तू ठेवलंस, मी त्यामागे जाऊन उभी राहिले. तुम्ही खाली बसलात. ते टेबल आहे, त्याला वजन आहे, हे तुमच्या मनात आलं नाही. मला तर यायलाच हवं होतं. ओटा दिसला की मास्तर चढतोच."

त्या दिवशी पहिल्यांदा मी बाईंना दमलेलं बघितलं. त्या एका उलट्या बादलीवर बसल्या होत्या. शाळा उघडायला मोजके दिवस उरले होते.

देसाई पुढे झाला. टिंगल करायचो आम्ही त्याची, पण मनाचा मोठा माणूस. "बाई, माझी गाडी न्या. ती हे टेबल पाठीवर घेऊन पळेल. कशाला काही हलवायचं? तुमची जागा तीच आहे." आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परब तर त्याचे पाय धरायच्या बेतात होता.

नलूने मात्र नाही अशी मान हलवली. बाईंनी तिच्याकडे बघितलं. "एक्केचाळीस?"

"बाई, मी तो रस्ता बघून आलेय," नलू म्हणाली. "डांबर सुटलं की पुढे ओढ्यावर एक मोरी आहे, आणि लगेच वळण. ही पांढरी वळेल. याची गाडी नाय वळणार. लांब पडते."

"मग ट्रेलर डांबरी रस्त्यावर उभा करू," देसाई म्हणाला. "मुलं येतील चालत. कितीसं असेल?"

"चालत येतील," नलू म्हणाली. "मोठी येतील. पाचवीतली ओढा ओलांडून रोज नाय येणार. एकदा येतील, बघून जातील."

बाई उठल्या. ट्रेलरमध्ये गेल्या, ओट्यावर चढल्या. आम्ही दारात गर्दी केली. त्यांनी टेबलाच्या थंड दगडावर तळहात ठेवला. मला वाटलं, आता देसाईला हो म्हणतील. म्हणाव्यात असंही वाटलं. आयुष्यभर एका जागी उभं राहिलेल्या माणसाला म्हातारपणी ती जागा सोड कसं म्हणायचं?

"सात," त्या आतूनच म्हणाल्या. "उतरव."

"काय?"

"टेबल. ओट्यावर तक्ते ठेव, चटया ठेव, हलकं काय ते ठेव."

"बाई, मधे ठेवतो ना, चाकांच्या वर," परब रडवेला होऊन म्हणाला. "भार नाही येणार."

"मधे ठेवलंस तर मुलांना जागा कुठे? आणि खालच्या चाकांनी ते तरी का वाहायचं? टेबल माझ्यासाठी होतं रे. त्यावर मी प्रयोग करायचे, तुम्ही बघायचात." एवढं बोलून त्या खाली उतरल्या आणि आम्हाला चहा सांगायला गेल्या. टेबल उतरवताना त्या तिथे नव्हत्या.

ते आजही परबच्या शेडमध्ये आहे. परब त्यावर कुणाला चहाचा कपही ठेवू देत नाही.

शाळा उघडायच्या दिवशी आम्ही मनोर, विक्रमगड करत पुढे गेलो. चढ लागले, उतार लागले. पांढरी पिकअप दोरी बांधलेलं दार वाजवत, पण नाक खाली ठेवून, मुकाट चालली. मोरीपाशी नलूने गाडी थांबवून मागच्या गाडीतून आम्हाला उतरवलं. एका बाजूला परब, एका बाजूला मी, हात करून अंदाज देत होतो. मागचं चाक मोरीच्या कठड्याच्या इतकं जवळून गेलं की देसाईने डोळे मिटून घेतले. ट्रेलर वळला. पलीकडे मुलांची रांग उभी होती, आणि तिच्यातून जो ओरडा झाला तो मी विसरणार नाही.

विज्ञान शिकवणारे तिथले सर अगदी तरुण होते, चोवीस-पंचवीसचे. ते स्वतः तिथल्याच एका पाड्यावरचे. ट्रेलरमध्ये शिरले आणि हात मागे बांधून कपाटांपुढून फिरले, काहीही न शिवता. सूक्ष्मदर्शकापाशी थांबले. मुलं पाठोपाठ घुसली. बाकं भरली, चटया भरल्या, ओट्यावर तक्त्यांच्या शेजारीही पोरं बसली. सर दाराशी आले. बाई खाली मातीत उभ्या होत्या, कॅनव्हासचे बूट लाल झालेले.

"या ना बाई, वर," सर म्हणाले. "मुलं वाट बघतायत. तुम्ही कुठे उभ्या राहाल?"

"मी इथेच," बाई म्हणाल्या. "शिकवा तुम्ही."

"मी? बाई, मी हे सगळं फळ्यावर काढून शिकवलंय. मला कॉलेजातपण नीट हाताळायला मिळालं नाही. माझ्या हातून काही चुकलं तर..."

"तर मुलं बघतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांचे सर आहात. मी जाणार, तुम्ही राहणार. जा."

सर आत वळले. बाईंनी बाहेरून दार लोटून घेतलं.

आम्ही सगळे ट्रेलरच्या सावलीत गोळा झालो. आतून आधी गलका आला, मग सरांचा आवाज, अडखळत, घसा खाकरत. मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज. बाई पत्र्याला टेकून उभ्या राहिल्या, डोळे मिटून, एक कान भिंतीला लावून. मला भरून आलं. एवढे शनिवार, ती मोजामोजी, ते टेबल, सगळं एकदम आठवलं. काहीतरी बोलावंसं वाटलं, निदान त्यांच्या पाया पडावं. मी पुढे होऊन म्हटलं, "बाई, तुम्ही खरंच..."

बाईंनी डोळे न उघडता तोंडावर बोट ठेवलं.

"गप रे. तास सुरू आहे."